साडूची नखं

आमच्या ह्यांचा स्वभाव तसा वाईट नाही. दारू नाही, जुगार नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुखणं एकच, साडू. ताईचे यजमान आणि आमचे हे फर्निचरच्या एकाच कारखान्यात समोरासमोर बसून लाकडाला पॉलिश करायचे. पगार सारखा, सुट्ट्या सारख्या. तरी मालक भाऊजींशी हसून बोलला की त्या दिवशी ह्यांना माझी भाजी खारट लागायची.

कारखाना बंद पडला तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी तुलना संपली. दोघंही घरी, दोघांनाही सरकारचा बेकारी भत्ता, तोही सारखाच. पण जळणाऱ्याला काडी कुठेही सापडते. भाऊजी भत्त्याच्या कचेरीत हजेरी द्यायला इस्त्रीचा शर्ट घालून जात, ते ह्यांच्या डोळ्यांत खुपे. ताईकडे नवे पडदे लागले, तेही खुपले.

"भत्त्यात पडदे येतात होय?"

"जुन्या चादरींचे शिवलेत ताईने."

"मग आपल्या घरी का नाही शिवले कुणी?"

म्हणजे फिरून माझ्यावरच आलं.

भत्त्याचा नियम कडक होता. कुठे काम केलं तर आधी कळवायचं. चोरून करताना सापडलात तर भत्ता बंद, आणि परत सुरू होईल याची हमी नाही. आमची चूल त्या भत्त्यावरच पेटत होती.

एकदा ताईकडे गेलो होतो. भाऊजींनी चहाचा कप पुढे केला आणि ह्यांची नजर कपाऐवजी त्यांच्या बोटांवर गेली. पॉलिशचा तपकिरी रंग नखांच्या कडांत मुरतो, साबणाने जात नाही. काम सुटलं की नख वाढेल तसा निघून जातो. भाऊजींचा गेला नव्हता. ह्यांनी चहा अर्धा टाकला.

"चोरून काम करतोय," घरात पाऊल टाकताच हे सुरू झाले. "आणि हजेरीच्या रांगेत साळसूद चेहऱ्याने माझ्यापुढे उभा राहतो. नियम काय मला एकट्याला आहेत?"

आता गंमत अशी की हे स्वतः रोज दुपारी मागच्या खोलीत आमचं जुनं कपाट पॉलिश करत बसायचे. हाताची कसब जाऊ नये म्हणून. चकचकीत झालं की घासून काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"तुमची नखं बघा आधी," मी म्हटलं.

"हे घरचं काम आहे."

"त्यांचंही घरचंच असेल."

"त्याला कसली गरज पडलीये? त्याच्या हातातलं कसब जातंय कुठे? मालकच म्हणायचा."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी हे भत्त्याच्या कचेरीत निघाले. मीही सोबत गेले. अडवता आलं नाही, निदान नजर तरी ठेवावी म्हणून.

खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही त्यांना काम करताना पाहिलंत?"

"पाहायला कशाला पाहिजे? नखं सांगतात ना. हा असा रंग बसतो बघा, इथे, या कडेला." आणि ह्यांनी समजावून सांगायला स्वतःचाच हात खिडकीतून आत घातला.

बाईंनी तो हात नीट पाहिला. मग ह्यांच्याकडे पाहिलं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी घरची चूलही आठवली.

"नियम सगळ्यांना सारखा," बाई म्हणाल्या. "चौकशी होईपर्यंत दोघांचाही भत्ता थांबेल."

तपासनीस आधी ताईकडे गेले. तिथे भाऊजींनी घरचं टेबल दाखवलं. त्यांचाही तोच प्रकार निघाला, पॉलिश करायचं, घासायचं, पुन्हा करायचं. शेजाऱ्यांनी तसं सांगितल्यावर त्यांचं भागलं. मग ते आमच्याकडे आले. आमचे शेजारी नवीन, ते म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही. मग तपासनीस पुन्हा भाऊजींकडे गेले. तुमचे साडू घरचंच काम करतात याची हमी घ्याल का? खोटी ठरली तर तुमचाही भत्ता कायमचा जाईल.

नखांवरून चुगली कोण करू शकतं, हे पॉलिशवाल्याला सांगावं लागत नाही. भाऊजींना कळलंच होतं. तरी त्यांनी सही केली. हे सगळं मला ताईने सांगितलं, भाजी निवडता निवडता. ती माझ्यावर रागावलीही नाही.

दोघांचा भत्ता सुरू झाला. ह्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून आभार मानायला मी एकटीच ताईकडे जाऊन आले. परतले तेव्हा हे दारातच उभे होते.

"काय म्हणाला?"

"बस म्हणाले, पाणी घे म्हणाले."

"माझ्याबद्दल?"

"काही नाही."

"एक शिवीसुद्धा नाही?"

"नाही."

हे उंबऱ्यावर खाली बसले. "मी असतो तर सही केली नसती," म्हणाले. मग चिडून, "मोठेपणासुद्धा त्यालाच मिळाला बघ."

मी आत येऊन भांडी घासायला घेतली. लग्न झाल्यापासून हे ताईच्या नवऱ्यावर जळत आले आणि मी त्यांना हसत आले. त्या दिवशी हसू येईना. ताईला असा नवरा मिळाला, मला नाही, हे पहिल्यांदाच इतकं झोंबलं, आणि ते सांगायला घरात ह्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.