दोन मास्तरांचे मार्क

आमच्या घरात एक गोष्ट कायमची ठरलेली होती. बाबा हुशार आणि काका मेहनती. कोणी ठरवली, कधी ठरवली, हे विचारायची पद्धत नव्हती. बाबा शिकले आणि अलोऱ्याच्या वीज प्रकल्पात नोकरीला लागले. त्यांचे थोरले भाऊ दापोलीजवळच्या आमच्या गावात भात आणि आंब्याची कलमं बघत राहिले. मला बाबांच्या हुशारीचा भारी माज होता. ती माझ्यात उतरली आहे, असं मी खुशाल सांगत फिरायची.

ऐंशीच्या दशकात एम.बी.ए.चं खूळ आमच्यापर्यंत पोचलं. मी आणि काकांचा मुलगा बरोबरीचे, दोघेही पदवीधर, दोघांनाही ते एकदमच चढलं. पण तेव्हा प्रत्येक संस्थेची चूल वेगळी, परीक्षाही वेगळी. त्याने एक दिली, मी दुसरी. दोघांनाही मुंबईत प्रवेश मिळाला आणि मग खरी पंचाईत झाली. वसतिगृहात कुणालाच जागा नव्हती. परळला आत्याची एकच खोली, त्यात आधीच पाच माणसं. एकाला कसंही सामावून घेईन, दोघांचं जमायचं नाही, असं तिने कळवलं. म्हणजे एकजण जाणार आणि दुसऱ्याने हात चोळत घरी बसायचं.

बाबा आणि मी गावी गेलो. ओटीवर सगळे बसले. काकांनी सरळ निकाल लावला.

"ज्याचे मार्क जास्त, तो जाईल. इथे माझा मुलगा नाही नि ह्याची मुलगी नाही."

चुलतभावाला दोनशेपैकी एकशे बेचाळीस होते. माझ्या कागदावर आकडा होता एकोणनव्वद. काकांनी माझ्याकडे अशा काही मायेने पाहिलं की माझं डोकंच फिरलं.

"दोनशेपैकी आहेत ते, काका. म्हणजे झाले एकाहत्तर टक्के. माझे बघा, एकोणनव्वद."

"तुझे टक्के नाहीत गो ते, पर्सेंटाइल आहे," तो म्हणाला. "शंभरातली एकोणनव्वद मुलं तुझ्या मागे, एवढंच. मार्क किती पडले ते तुला तरी ठाऊक आहे काय?"

"मग तुझ्या मागे किती, ते तू सांग."

"ते त्यांनी कळवलंच नाही."

आमची चांगलीच जुंपली. चहा गार झाला तसे काका वैतागले. "मला कळेल असं बोला की."

तेव्हा त्यानेच समजावलं. एकशे बेचाळीस हा मोठा आकडा त्याच्याच बाजूचा होता, गप्प बसला असता तर खोली त्याची होती. पण तो पहिल्यापासून असाच सरळ, मला त्याचा रागही धड धरता येत नसे.

"आम्ही क्रिकेट खेळतो ते बघा," तो म्हणाला. "वर सड्यावर सगळा सपाट कातळ आहे, बॉल सुसाट जातो. तिथे पन्नास रन कुणीही काढतो. तेच कापणीनंतर खाली शेतात खेळलं की बॉल ढेकळात रुततो, पंधरा काढले तरी पुष्कळ. आता सड्यावरचा पन्नासवाला मोठा की शेतातला पंधरावाला, कसं सांगणार?"

मला गप्प बसवेना. "शाळेतही तेच, काका. एक मास्तर कडक, एक सैल. कडक मास्तरांनी दिलेल्या पन्नासाला कमी कसं म्हणायचं?"

 बाबांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे दोन मास्तरांचे मार्क एकमेकांशी ताडून बघताच येत नाहीत?" काकांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"कुणालाच?"

"कुणालाच नाही, काका."

काका बाबांकडे वळले. "ऐकतोयस ना रे?"

मग काकांनीच सांगितलं, तेव्हा मला कळलं. काका शाळेत उशिरा गेलेले, म्हणून दोघे भाऊ एकाच वर्षी चौथी पास झाले होते, काका इथल्या शाळेतून, बाबा आजोळी मुरुडला राहून. इथले मास्तर मार्क देताना जीव घेत आणि मुरुडचे सढळ हाताने देत. काकांना पन्नासच्या आसपास पडले, बाबांना ऐंशीच्या वर. पुढे शिकवायचं तर एकालाच. आजोबांनी आकडे बघितले आणि काकांच्या हाती नांगर दिला.

"इतकी वर्षं मी ह्याला हुशार समजत आलो," काका म्हणाले आणि हसले.

बाबा हसले नाहीत. "दादा, हुशार तूच होतास. मला तेव्हाही माहीत होतं."

 मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. काकांनी आमचे दोघांचे कागद घडी घालून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "ह्या वेळी निवडायचं नाही. दोघं जातील. बहीण माझी आहे, तिला मी सांगतो. हा माळ्यावर झोपेल, ही खाली."

दुसऱ्याच दिवशी ते परळला निघाले. बाबा त्यांची पिशवी घेऊन बरोबर गेले. दोघे मिळून समोर उभे राहिल्यावर आत्या काय नाही म्हणणार? पुढची दोन वर्षं त्या खोलीत आम्ही सातजण राहिलो. भांडलो, दाटीवाटीने जेवलो आणि पासही झालो.

मुंबईला जायच्या दिवशी काका दापोलीच्या स्टँडवर आले होते. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीशी आले आणि मला म्हणाले, "शिकून मोठी हो गो बाय. आणि कधी कुणाची परीक्षा घ्यायची वेळ आली, तर सगळ्यांना पेपर एकच दे."