गारखेड्यातली थंड खोली

त्या उन्हाळ्यात आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे. येण्याआधी नळातून हवा यायची, लांबून कुणीतरी घसा खाकरत चालत यावं तशी. तो आवाज आला की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून धावत. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते. दिवसा फळ्यावर पर्जन्यछायेचा प्रदेश काढून दाखवायचा आणि संध्याकाळी टँकरच्या नळीखाली कळशी धरायची, असं सलग तिसरं वर्ष चाललं होतं.

त्याच वर्षी जुन्या विहिरी, बारवा आणि तळी वाचवायची एक मोहीम राज्यभर सुरू झाली. प्रत्येक जिल्ह्यात आमच्यासारखे काही हौशी लोक होते. कुणी शिक्षक, कुणी निवृत्त इंजिनिअर, कुणी कॉलेजातली मुलं. सापडलेल्या विहिरीची नोंद करायची, जमेल तिथं गाळ काढायचा आणि बुजवायला निघालेल्या विहिरीसाठी अर्ज घेऊन कचेरीत बसायचं, एवढंच काम. माझ्याकडं शहराचा दक्षिण भाग आला. हातात एका जुन्या नकाशाची छायाप्रत होती. गारखेड्याच्या बाजूला तिच्यावर विहिरींचे इतके ठिपके होते की कागदाला देवी आल्यासारखं वाटायचं. प्रत्यक्षात गेलं की तिथं रो-हाउस असायचं, मंगल कार्यालय असायचं, नाहीतर चकचकीत फरशी घातलेलं पार्किंग.

ज्यांना आम्ही पुढं नुसतं काका म्हणायला लागलो, ते अशाच वेळी भेटले. लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यातले, सत्तरीचे, अंगानं वाळलेले. डोक्यावर टोपी आणि खांद्याला पाण्याची बाटली अडकवलेली कापडी पिशवी. आमच्या एका बैठकीत मागच्या खुर्चीवर येऊन बसले आणि शेवटी म्हणाले, "मी हिरी दावतो. पण पेपरात नाव नगं."

पहिल्या दिवशी आम्ही चौघं त्यांच्याबरोबर गेलो. एका सोसायटीच्या आवारात त्यांनी चपला काढल्या. एप्रिलमधली दुपारची वेळ, सिमेंट तव्यासारखं तापलेलं. ते अनवाणी हळूहळू चालत राहिले. मग एका मोटारीच्या मागं थांबले, डोळे मिटले, टाचेनं जमिनीवर तीनदा ठोकलं आणि म्हणाले, "इथं हाय."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पलीकडच्या दुकानातला म्हातारा दुकानदार हे सगळं पाहत होता. तो उठून आला आणि म्हणाला, "बराबर है. यहाँ बड़ी बावली थी. हमारे अब्बा इसी में तैरना सीखे."

त्यानंतर महिनाभर असंच होत गेलं. काका कुठंतरी थांबत, टाच आपटत, "इथं" म्हणत, आणि ते कधी चुकत नसत. आमच्यातली मुलं त्यांना पाणाडी म्हणायला लागली. जमिनीखालचं पाणी ओळखणारा माणूस. मी भूगोलाची बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्यांचे डोळे मिटलेले आणि चेहरा दुखावल्यासारखा आखडलेला बघितला की मानेवर गार काहीतरी फिरायचं. शोधलेली गोष्ट सापडल्याचा आनंद त्या चेहऱ्यावर कधीच दिसला नाही.

मे महिन्यात काका आणि मी, दोघंच गारखेड्यातल्या एका गल्लीत गेलो. दुपारी दोनचा सुमार असेल. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळ्या खिडक्यांना पडदे. एका बैठ्या घरासमोर काका थांबले. चपला काढल्या नाहीत, टाचही आपटली नाही. नुसते फाटकाकडं बघत उभे राहिले.

"इथं का?" मी विचारलं.

"तुमी जा आत बाई. मी हितंच थांबतो."

"तुम्ही नाही येत?"

"नाय." आणि ते समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले.

दार एका चाळिशीतल्या बाईनं उघडलं. गळ्यात टेप होती. घरी शिवणकाम करायची, माहेर वैजापूरचं. मी मोहिमेचं सांगितलं, पत्रक दिलं, आणि घराखाली जुनी विहीर असावी असं वाटतंय म्हटलं. ती दचकेल असं मला वाटलं होतं. ती दाराला टेकली आणि म्हणाली, "या आत. तुम्हाला एक खोली दाखवते."

घराच्या मागच्या बाजूला दहा बाय दहाची खोली होती, रिकामी. कोपऱ्यात कपड्यांच्या चिंध्यांचं गाठोडं तेवढं.

"मशीन आधी इथंच होतं," ती म्हणाली. "पण सुया गंजतात. नवी सुई लावली की चार दिवसांत तिच्यावर लाल डाग. बाहेर बघा, ओठ फुटतात इतकी कोरडी हवा. चपला काढा ताई."

मी काढल्या. फरशी माठासारखी गार होती. बाहेर अंगण पोळत होतं आणि इथं माझ्या पायातून गारवा गुडघ्यापर्यंत चढत होता.

"आणि आवाज येतो," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मशीन चालू असलं की कळत नाही. थांबवलं की येतो. दुपारचाच. आमचे हे म्हणतात, पाइप तापून वाजतो. मीही तसंच म्हणते. पण मी मशीन बाहेर नेलं."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. पंखा तिनं बंद केला. बराच वेळ काही झालं नाही. मी निघायचा विचार करत होते, तेवढ्यात खालून आवाज आला. टक्. मग थोडं थांबून पुन्हा, टक्. दगडावर काहीतरी कडक वस्तू हळूच टेकवावी तसा. घाई नाही, जोर नाही. टक्. जणू त्याच्याजवळ वेळ भरपूर होता.

शिवणवाल्या बाईनं माझा हात धरला होता, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

कडुनिंबाखाली काका टोपी काढून बसले होते. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "ऐकू आलं?"

"काय आहे ते काका?"

त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं.

"मी पाणाडी नाय बाई," ते म्हणाले. "माझ्या टाचंत काय बी नाय. मला ठावं हाय, कारन ह्या समद्या हिरी मीच बुजवल्यात."

ते बोलत राहिले. तरुणपणी ते विहिरी खोदायचे. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला पाणी लागतं असं लोक म्हणत. पुढं शहर वाढायला लागलं, शेतांचे प्लॉट पडले, आणि प्लॉट पाडणाऱ्यांना विहिरी अडचणीच्या व्हायला लागल्या. खोदणाऱ्यालाच बुजवायला बोलावलं. कुठं ढासळेल, कुठं भर बसेल हे त्यालाच कळणार. वर्षानुवर्षं त्यांनी तेच काम केलं.

"येक-येक हीर बुजवताना आवाज करती बाई. दगूड टाकला की पानी वर येऊन बघतं. पयल्यांदा लई वाईट वाटतं. मग सवय व्हती."

"आणि ही?"

"हिच्यात कासव व्हतं. शेताच्या मालकानं सोडलेलं, पानी साफ ऱ्हावं म्हनून. परातीयेवढं. मी म्हनलं, येक दिस द्या, काडून घेतो. दोनदा उतरलो तर झऱ्याच्या तोंडात जाऊन बसलं. प्लॉटवाल्याचा मानूस म्हनला, सांजच्याला काम झालं पायजे. मग मी भर टाकलीच नाय. वरून सळया टाकून स्लॅब ओतला अन् हवेला येक पाइप सोडला. कागदावर बुजवली म्हनून अंगठा दिला." त्यांनी घराकडं हात केला. "त्यो पाइप बघा तिच्या घरामागं. त्यांना वाटत आसंल संडासचा हाय."

पाइप होता. शिवणवाल्या बाईला मी हे सगळं सांगितलं. काकांनीच सांगा म्हटलं होतं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं पाण्यावर झोपतोय?"

नवरा तयार होईना. घराखाली पोकळी आहे हे एकदा उघड झालं की घराचं काय, ही त्याची भीती, आणि ती खोटी नव्हती. आमच्यातल्या निवृत्त इंजिनिअरांनी दोन दिवस तपासणी करून भिंती विहिरीच्या बाहेर आहेत, फक्त ती एक खोलीच विहिरीवर आली आहे, असं कागदावर लिहून दिलं. शेवटी बायकोनंच ठरवलं. "मला त्या खोलीखाली काय आहे ते बघायचंय," ती म्हणाली, "नाहीतर मी वैजापूरला जाऊन राहते."

फरशी काढली, स्लॅबचा एक चौकोन कापला. तुकडा उचलला तेव्हा खालून जी हवा आली ती मी विसरू शकत नाही. तिला कुजका वास नव्हता. ओल्या मातीचा, शेवाळाचा, बंद पेटी उघडावी तसा वास. सगळे मागं सरकले. टॉर्चच्या उजेडात घडीव दगडांचं गोल बांधकाम दिसलं आणि खोल तळाशी काळं, हलकंसं थरथरणारं पाणी. तीन दुष्काळ पचवून ते तिथं होतं.

विहिरीचं तोंड उघडल्यावर तोवर बाहेर थांबलेले काका आत आले. उतरायला निघालेल्या कामगाराला त्यांनी बाजूला केलं, कमरेला दोर बांधून घेतला आणि या वयात स्वतः खाली गेले. आम्ही वरून टॉर्च धरून होतो. पाण्याच्या दोन-तीन हात वर दगडात एक कोनाडा होता. काका तिथं थांबले. बराच वेळ त्यांची टोपीच तेवढी दिसत होती. मग त्यांनी दोर हलवला.

वर आले तेव्हा त्यांच्या छातीशी कासवाची पाठ होती. नुसती पाठ. आत काही नव्हतं. कोरडी, हलकी, धुळीनं पांढरी झालेली. इंजिनिअरांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि हळूच म्हणाले, "हे मरून बरीच वर्षं झाली असावीत."

शिवणवाली बाई माझ्या मागं उभी होती. "मग परवापर्यंत वाजवत कोण होतं?"

तिच्या नवऱ्यानं पाइपाचा विषय काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. काका खाली बसले, ती पाठ मांडीवर घेतली आणि तिच्यावरची धूळ उपरण्यानं पुसत राहिले.

त्या विहिरीचं पाणी तपासून घेतलं. पिण्यालायक नव्हतं, पण बाकी सगळ्याला चाललं. पावसाळा लागेपर्यंत त्या गल्लीनं वापराचं पाणी तिथूनच घेतलं. खोलीच्या मधोमध लोखंडी जाळी बसली. मशीन परत आत गेलं नाही, त्या खोलीत ठेवलेल्या सुया गंजतच होत्या. आवाज थांबला का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आता मी ऐकतच नाही, ताई."

दिवाळीनंतर मोहिमेची राज्यभरातल्या लोकांची बैठक दुसऱ्या एका जिल्ह्यात झाली. आमच्या शहराच्या पाणाड्याची गोष्ट तिथं आधीच पोचली होती. लोक काकांना बघायला येत होते, एकानं तर पाया पडायचा प्रयत्न केला. आमच्या वेळेला मी बोलायला उभी राहिले, पण काकांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि स्वतः माइकसमोर गेले.

"मी पाणाडी नाय," ते म्हणाले. "मी बुजवनारा हाय. मला म्हनून सापडत्यात."

आमच्याच गटातल्या दोन मुलांनी मान खाली घातली. ती नंतर मोहिमेत आली नाहीत. आपण फसवले गेलो असं त्यांना वाटलं. मला त्यांचा राग आला नाही, कारण त्या दुपारी कडुनिंबाखाली मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

चहाच्या वेळी काका एकटेच भिंतीशी उभे होते. तेव्हा लांबच्या जिल्ह्यातला एक माणूस त्यांच्याजवळ आला. त्यांच्याच वयाचा. बशीतला चहा त्यानं निवू दिला. मग म्हणाला, "आमच्याकडं मी." थोड्या वेळानं आणखी एक आला. तिघं म्हातारे संध्याकाळपर्यंत आवारातल्या पायरीवर बसून हळू आवाजात बोलत होते. मी जवळून गेले तर त्यांच्यात गावांची नावं चालली होती, विहिरींची नावं, कुठं किती खोल, कुठं काय होतं आत. मला बघून त्यांनी बोलणं थांबवलं. आमच्या नोंदवहीत त्या वर्षीपासून एक रकाना वाढला: कुणी बुजवली. बहुतेक जिल्ह्यांत तो रिकामाच राहिला, पण होता.

पुढच्या हिवाळ्यात काका दर गुरुवारी लासूरहून गाडीनं येत आणि माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून यादी सांगत. आंबराईतली, खारी, जोडविहीर, सतीची. मी नकाशावर खूण करायची. एक हमरस्त्याखाली निघाली, एक दवाखान्याच्या प्रतीक्षालयाखाली. एक माझ्या शाळेच्या मैदानाखाली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मी रांगेच्या कडेला उभी होते, मुलं कवायतीला पाय आपटत होती, आणि मी प्रत्येक ठोक्याबरोबर खालून उत्तर येतंय का ते ऐकत होते. मुख्याध्यापकांना मी सांगितलं. सुट्टीत तेवढी जागा उघडली, आता छपरावरचं पावसाचं पाणी त्या विहिरीत जातं. बाकीच्या बऱ्याच तशाच राहिल्या. त्यांच्यावर जे उभं आहे ते काढणं आता कुणाच्या हातात नाही.

यादी संपली त्या दिवशी काका म्हणाले, "वाचा बरं."

मी पहिल्यापासून वाचली. प्रत्येक नावाला ते "व्हय" म्हणत होते. शेवटचं वाचलं आणि वही मिटली.

"येक ऱ्हायली," ते म्हणाले.

"कुठली? सांगा, लिहून घेते."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, दारात चपला शोधल्या. "ऱ्हाऊ द्या बाई ती. तिच्यात बी कुनीतरी व्हतं. कासव नव्हतं."

मी थांबवायच्या आत ते जिना उतरले. मग उन्हाळा आला, त्यांना धाप लागायला लागली आणि शहरात येणं बंद झालं. मी दोनदा त्यांच्या गावी जाऊन आले. खाटेवर पडून ते पाऊसपाण्याचं, माझ्या शाळेच्या विहिरीचं विचारत. त्या राहिलेल्या विहिरीचं मी विचारलं नाही. तिसऱ्या वेळी गेले तेव्हा त्यांचा दहावा होऊन गेला होता.

वही अजून माझ्याकडं आहे. शेवटच्या पानावर एक ओळ मी मोकळी ठेवली आहे. शहरात दुपारी चालताना एखाद्या गार फरशीवर पाय पडला की मी थांबते. भर रस्त्यात वाकून ऐकायचं धाडस होत नाही, म्हणून नुसती थांबते आणि मग पुढं जाते.