करिश्माचे केस

न्हावरे गावची करिश्मा धार काढतानासुद्धा डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. केस पुंजक्यांनी गळत होते आणि बोटांचे सांधे सुजले होते.

"कुणीतरी करणी केलीय," म्हणत सासू दगडाबाई तिला देवऋष्याकडं न्यायला निघाल्या.

करिश्मा दारातच थांबली. "आत्याबाई, मी येणार न्हाई. मला दवाखान्यात जायचंय."

नवऱ्यानं, हृतिकनं, गाडी काढली.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त-लघवी तपासली. "हा ल्युपस. शरीर स्वतःवरच उलटतं. केस बहुतेक परत येतील, पण मूत्रपिंडाला सूज आहे. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं."

हृतिकचा चेहरा उतरला.

औषधांनी काही महिन्यांत सूज ओसरली. एका सकाळी करिश्माच्या डोक्याला तेल लावताना दगडाबाईंच्या बोटांना बारीक, कोवळे केस लागले.