चामराजपेट ते हेब्बाळ: दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी

हुबळीच्या अक्का, गुडघा कसा आहे? तिळाचं तेल कोमट करून लावा म्हटलं होतं, लावता की नुसतं हो म्हणता? तंजावरच्या अण्णांचं मोतीबिंदूचं काम झालं का? धाकट्या वन्संचा खोकला गेला असेल तर बरं, नसेल तर आइस्क्रीम सोडा. आणि जे नातलग नाहीत पण माझं लिहिलेलं वाचतात, त्यांचीही तब्येत बरी असो. माझी पाठ विचाराल तर अजून हेब्बाळच्या पुलावरच आहे.

मागे म्हैसूरचं लिहिलं तेव्हा बरेच जण म्हणाले, जवळचं काही लिहा. तर हे आपल्याच गावातल्या गावात, या टोकाहून त्या टोकाला केलेल्या प्रवासाचं.

आमच्या चामराजपेटच्या गल्लीत बारा घरं. तोंडाशी आमचं, खाली शिवणाचं दुकान आणि वर गच्ची. मोठ्या रस्त्यावर ते वेगाचं इंटरनेट केव्हाच आलं. गल्लीत मात्र फोनवर जे काय पाझरतं तेवढंच. सून सुमती ब्लाउजवर आरीकाम, म्हणजे आकडीच्या सुईचं भरतकाम करते, हात असा की मोर आता ओरडेल वाटावं. हल्ली गिऱ्हाइकं काम व्हिडिओवर बघून ठरवतात, आणि आमच्याकडे व्हिडिओ लावला की सुमती तोंड उघडं ठेवून थिजते. कोल्हापूरच्या एका बाईंकडे मुलीचं लग्न, अकरा ब्लाउज. फोटोत रंग कळत नाही म्हणून दोनदा व्हिडिओ लावला, दोनदा बाईंना नुसते हिरवे चौकोन दिसले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "गुरुवारी अकराला शेवटचं बघते. नाही जमलं तर इथेच कुणाला तरी देते." सुमतीला एवढं मोठं काम पहिल्यांदाच येत होतं.

माझ्या बहिणीची सून रेवती हेब्बाळला राहते. तिच्याकडे नेट वाऱ्यासारखं पळतं. म्हटलं, चल, तिथूनच दाखवू.

आठला निघालो. सुमतीच्या हातात नमुन्याचं कापड ताणलेली लाकडी चौकट, माझ्या हातात चित्रान्नाचा, म्हणजे लिंबाच्या फोडणीभाताचा डबा. मॅजेस्टिकच्या बसस्टँडपर्यंत एक बस, तिथून हेब्बाळकडची दुसरी. जाणाऱ्यांसाठी सांगते: साध्या बसमध्ये बायकांना पैसे नाहीत, पण आधार कार्ड जवळ ठेवा. एसी बसमध्ये चढलात तर पैसे पडतात. रिक्षावाल्यांनी साडेतीनशे सांगितले, मी त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारून पुढे गेले. मॅजेस्टिकला उभ्यानंच इडली खाल्ली आणि दोघींत एक कॉफी, बाय-टू. गर्दीत बसायचं ठिकाण शोधू नका, मिळत नाही.

दुसऱ्या बसमध्ये चौकट मावेना. कंडक्टर कन्नडात म्हणाला, "अज्जी, तुम्ही फुकट. या खाटेला मात्र तिकीट लागेल."

"हिच्यावर मोर बसलाय बाबा, त्याला विचार."

"मोराचं आधार कार्ड आहे का?"

सगळी बस हसली. सुमती हसली नाही, ती घड्याळ बघत होती. एका कॉलेजच्या मुलीनं उठून चौकटीला जागा दिली, मला नाही.

मेख्री सर्कलपर्यंत बरं गेलं. पुढे पुलाच्या अलीकडे गाड्यांची अशी दाटी की मुंगीनंसुद्धा परवानगी मागून जावं. दहा वाजून वीस, दहा चाळीस. डावीकडे तळं चकाकत होतं, पण बघायला जीव कुणाचा थाऱ्यावर होता! सुमती बोटांनी चौकटीच्या कडेचा एकच खिळा चाचपत राहिली. शेवटी उतरलो आणि चाललो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तो तिथंच. सुमतीनं पदराची पिन काढून लावली.

अकराला पाच मिनिटं असताना रेवतीच्या दारात.

"मावशी, रिलॅक्स. तुम्ही पाणी प्या, मी सेटअप करते." रेवती पुण्याची. घरीच बसून ऑफिस करते, तिचं मराठी दर चार शब्दांनी इंग्रजीच्या अंगणात जाऊन येतं. पण पोर गुणाची. तिनं चौकट खिडकीशी उभी केली, मागे पांढरी चादर लावली.

आणि काय सांगू, कोल्हापूरच्या बाई समोर येऊन बसल्यासारख्या दिसल्या. त्यांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं.

"अगं, मोराच्या डोळ्यात मणी आहे होय? मला इतके दिवस वाटायचं गाठ राहिली आहे."

दहा मिनिटांत त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाल्या, "अकराही तुलाच देते. फक्त काम चौकटीवर असताना रोज दहा मिनिटं दाखवायचं. नंतर उसवायला नको."

सुमती "दाखवीन" म्हणाली. मी मनात म्हटलं, कुठून? रोज ही खाट घेऊन हेब्बाळला?

रेवतीच म्हणाली, "मोठ्या रस्त्यावर लाइन आहे ना, मग तुमच्या गल्लीत का नाही? थांबा." तिनं कंपनीला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. तिकडच्या मुलानं पत्ता विचारला, कीबोर्ड खडखडवला आणि म्हणाला, "मॅडम, उस गली में वायर छतों के ऊपर से जाती है. पहले घर ने परमिशन नहीं दी."

"कौनसा घर?"

"नीचे टेलरिंग की दुकान लिखा है, मॅडम."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

मला आठवलं. दोन उन्हाळ्यांमागे वायरवाले दोघं गच्चीवर आले होते, बूट घालून, माझ्या वाळत घातलेल्या पापडांवरून. चादरभर पापड, पोह्याचे. मी हातातली काठी आपटून म्हटलं होतं, माझ्या गच्चीवरून दोरासुद्धा जायचा नाही. त्यातल्या एकानं मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि गेले. मी समजले, पापडांचा निकाल लागला.

"तुला ठाऊक होतं?" मी सुमतीला विचारलं.

ती चौकटीवर कापड गुंडाळत होती. "मी खाली मशीनवर होते, आई. तुमचा आवाज आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं तुमचा राग उतरेल. मग वाटलं, आता बोलले तर चूक काढल्यासारखं होईल. मग राहूनच गेलं."

चित्रान्न तिघींत खाल्लं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले, सुमती चौकट धरून मागे. संध्याकाळी घर गाठलं तेव्हा पाय आणि तोंड दोन्ही सुजलेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन करून परवानगी दिली. मग गल्लीत घरोघर गेले. कोपऱ्यावरच्या वाणसामानवाल्या अण्णांकडे लोक मोबाइलनं पैसे देताना रांग लावून आकाशाकडे बघतात. समोरच्या पेटीमास्तरांचे परदेशातले शिष्य गेले, कारण सूर इथून निघाला की तिथं पोचेपर्यंत शिळा व्हायचा. प्रत्येकाला सांगितलं, हे माझ्या पापडांमुळे. मास्तर म्हणाले, "पापड चांगले होते हो त्या वर्षी." अकरा घरं, अकरा चहा, आणि कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

सुमतीनं बाईंना खरं सांगून टाकलं, की वायर येईपर्यंत रोज दाखवणं जमणार नाही. त्यांनी चार ब्लाउज ठेवले, नवरीचा त्यात आहे. सात दुसरीकडे गेले.

परवा वायरवाले आले. यावेळी बूट खाली काढून. कठड्यात लोखंडी हुक ठोकला आणि म्हणाले, मोठ्या रस्त्यावरून जोड घ्यायला खणावं लागतं, त्याच्या परवानगीचा कागद आला की वायर ओढू. कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही. पापडांची चादर मी ओट्यावर आणली आहे, तिथं ऊन कमी पडतं. सुमती संध्याकाळी गच्चीवर जाते, रिकाम्या हुकाला हात लावून येते आणि पुन्हा मोर काढायला बसते. मी काही बोलत नाही. तिच्याकडूनच शिकले.

तर तुमच्याकडचं लवकर कळवा. व्हिडिओ पाठवू नका, तो इथं गोल गोल फिरत बसतो. चार ओळी लिहा. तेवढ्या अजून येतात.