गाडी ठोकून राह्यली

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून जातात. दर्यापूर-अकोला रस्त्यावरचा तो अपघात मात्र विसरतो म्हटलं तरी विसरत नाही. तेव्हा मी त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. मुलांच्या ट्यूशनसाठी घरचे अमरावतीत, राजापेठेला राहत आणि मी क्वार्टरमध्ये एकटा. डब्यातली कुठलीही भाजी एकाच चवीची लागायची.

भर दुपारी एका पांढऱ्या कारने सायकलवरच्या माणसाला उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. माणूस वाचला, पण त्याचा पाय गेला. नंबर कुणी पाहिला नाही. साक्षीदार एकच, शेजारच्या वावरात निंदण करणारी बाई. तिचा जबाब असा होता: "समोर दोघं बसले होते. गाडी खड्ड्यातून गेली तं समोरून ठक-ठक वाजे."

लवकरच खबर आली. चहाच्या टपरीवर एक म्हातारा मिस्त्रीला फोनवर सांगत होता, 'गाडी समोरून ठोकून राह्यली.' ही खबर घेतली आमच्या फौजदाराने. माणूस चोख, पण साताऱ्याकडून नुकताच बदलून आलेला. त्याने डायरीत लिहिलं, 'गाडी समोरून ठोकल्याचे बोलला.'

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. गावात त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते बायको वारल्यावर त्यांनी बंद केलं. मुलं बाहेरगावी. गाडी पांढरीच, आणि बंपर खरचटलेला.

"त्या दुपारी कुठे होता?"

"अकोल्याले गेलतो."

"काय काम होतं?"

"काई नाई. चहा पेलो, वापस आलो."

फौजदार हसला. चहासाठी कोणी अकोल्याला जातं का?

"संग कोण होतं?" मी विचारलं.

"कोणी नाई, साहेब."

इथेच घोडं अडलं. गाडीत दोघं होते हे बाईने जबाबात ठामपणे सांगितलं होतं. म्हणजे चाचा कुणाला तरी पाठीशी घालतायत, मुलगा असेल नाहीतर पुतण्या, असा आमचा कयास. त्या दुसऱ्या माणसाचं नाव मिळालं की गुन्हा उघड, चाचा गजाआड. रोज बोलावून तेच विचारत होतो. ते वेळेआधीच येऊन बाकावर बसत आणि उत्तर बदलत नसत.

एक दिवस ते स्वतःहून म्हणाले, "साहेब, गाडी ठोकून राह्यली. मी नाई ठोकली."

मी अकोल्याचा, माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. आमच्याकडे 'ठोकून राह्यली' म्हणजे ठोके देते आहे. फौजदाराला समजावलं तेव्हा तो ओशाळला, पण मुद्दा सोडायला तयार नव्हता. "सर, बाईनेही तोच आवाज ऐकलाय ना?" त्याचंही खरं होतं.

"कधीपासून वाजते?" मी चाचांना विचारलं.

"बेगम गेली तवापासून. तीन मिस्त्री झाले. बाजूले बसतात, चक्कर मारतात अन् म्हन्तात, चाचा, आवाज कुठी हाय? वहम हाय तुमचा."

सुरुवातीची काही वर्षं मी मोटार विभागात काढली होती. म्हटलं, आपणच पाहू. चाचांच्या बाजूला बसलो. गाडी खड्ड्यांतून नेली, ब्रेकरवरून नेली, ब्रेक मारून पाहिला, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. गाडी गप्प. चाचांचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, म्हातारा थापा मारतोय.

ठाण्याच्या दारात मी उतरलो. ते गाडी झाडाखाली लावायला पुढे गेले आणि पहिल्याच खड्ड्यात डावीकडून ठक-ठक आली.

मग आम्ही ठाण्यासमोरच्या रस्त्यावर तोच उद्योग मांडला. चाचांना एकट्याला फेरी मारायला सांगितली. फौजदार कानाशी लागला, "सर, पळाला तर?"

"पळू दे. वाजत जाईल."

चाचा एकटे गेले, गाडी वाजली. फौजदार मागे बसला, वाजली. तो पुढे डावीकडे बसला, गप्प. बॉनेट उघडून पाहिलं तर डाव्या शॉकअपचं वरचं माउंटिंग, म्हणजे त्याला बॉडीशी धरून ठेवणारा रबरी जोड, झिजलेलं. बाजूला माणूस बसला की ते वजनाने दाबून राहायचं, सीट रिकामी असली की हलायचं.

पुढे दोघं असताना ही गाडी वाजत नव्हती. बाईने पाहिलेली गाडी दोघांना घेऊन वाजत गेली होती. कोर्टात हे कितपत टिकलं असतं देव जाणे, मला तपास वळवायला तेवढं पुरलं. नांदगाव पेठेच्या बाजूला दुसरी पांढरी गाडी सापडली आणि ती वापरणाऱ्या दोघा भावांनी गुन्हा कबूल केला.

चाचांना माउंटिंगचं समजावलं. "म्हंजे खराबी पयलेपासूनच होती," ते म्हणाले. "ती बसे म्हून कळली नाई."

शेवटी त्यांना बोलावून सांगितलं, की आता हजेरीला यायचं कारण नाही, तुमच्यावरचा संशय गेला. सुटलेला माणूस हात जोडतो, घाईने चपला शोधतो. हे बसूनच राहिले.

"म्हंजे उद्यापासून येऊ नको?"

"नाही, चाचा."

"इथं कोणी तरी विचारे, साहेब. कुठी गेलते, कवा आले, संग कोण होतं. घरी कोणी विचारत नाई."

संशयिताच्या सोबत कोण होतं हे शोधायला आम्हाला शिकवलं जातं. सोबत कोणीच नसणं हीसुद्धा तपासायची बाब आहे, हे मला चाचांनी शिकवलं. पुढच्या सगळ्या नोकरीत 'एकटाच होतो' असं कुणी म्हटलं, की त्यावर लगेच अविश्वास दाखवण्याआधी मी त्याच्या घरात कोण कोण आहे ते विचारायचो.

त्या दिवशी चाचांना दारापर्यंत सोडायला गेलो. दुपार टळून गेली होती आणि चाचा सकाळपासून ठाण्यातल्या बाकावरच होते. "जेवलात का?" मी विचारलं.

"हो, जेवलो ना," असं म्हणून ते गाडीकडे वळले.

इतक्या दिवसांच्या चौकशीत ते माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलले.