जाऊबाईंचा नकाशा

थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं घरात फारसं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ऑफिसात त्या माझ्या साहेब, आणि तिथे त्यांच्याविषयी कुणी वाकडं बोललेलं मी खपवून घेत नाही.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग विकते. जुनं गोदाम हलवून नवं चार दिवसांत चालू करायचं होतं. आधी हे काम मालकांच्या पुतण्याकडे होतं. त्याने दोनदा तारीख पुढे ढकलली, मग ते जाऊबाईंच्या गळ्यात पडलं. मालकांनी बजावलं, "सोमवारी सकाळी पहिला ट्रक निघाला नाही, तर पुन्हा असलं काम तुमच्या हाती नाही."

रोज सकाळी सगळ्यांना गोळा करून जाऊबाई एकच विचारायच्या, "कुठे अडलंय?" किती झालं, असं विचारलं की जो तो "होत आलंय" म्हणून सुटतो. अडचण सांगणाऱ्यावर त्या कधी डाफरल्या नाहीत. घरी डाफरतात, ती गोष्ट वेगळी.

शनिवारी दुपारी त्यांनी कपाळाला हात लावला. सगळ्यात जास्त खपणारे ब्रेक आणि फिल्टर पुढच्या दारापाशी रचले गेले होते, आणि ट्रक लागणार होते मागच्या दाराला! कुठे काय रचायचं तो नकाशा त्यांनीच काढलेला.

"तुमच्या लक्षात नाही आलं?" त्यांनी हमालांच्या मुकादमाला विचारलं.

"पहिल्याच दिवशी आलं, बाई."

"मग बोलला का नाहीत?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमचा नकाशा होता ना."

जाऊबाईंचा चेहरा असा उतरला की मलाच भडभडून आलं. मनात म्हटलं, आता ही चूक ढकला कुणावर तरी. पुतण्याने तेच केलं असतं. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, मालकांनासुद्धा. म्हणाल्या, "नकाशा माझा चुकलाय. आणखी कुठे चुकलाय ते सांगा."

आधी मुकादमाने तोंड उघडलं आणि त्याच्यामागून बाकीच्यांनी. सात चुका निघाल्या. जाऊबाई खाली मान घालून लिहून घेत होत्या.

रविवारभर सगळ्यांनी मिळून माल फिरवला. सोमवारी साडेनऊला पहिला ट्रक निघाला.

मालक खूश. "बाई, पुढच्या गोदामाचा नकाशाही तुम्हीच काढायचा."

"काढतील की," मुकादम मध्येच म्हणाला, "पण आधी आम्हाला दाखवतील."

मालक चमकले. जाऊबाईंनी मात्र पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "दाखवीन."