दाऊदभाई आणि चौकीवरची टिटवी

चव्वेचाळीस सालच्या चैत्रात आमच्या गावच्या तलावावर दाऊदभाई रखवालदार होते. तलाव राखीव. हिवाळ्यात नगरच्या कॅम्पातले साहेब बदकं मारायला येत. ते येईपर्यंत बदकांना दुसऱ्या कुणी मारू नये, एवढ्यासाठी सरकारनं दाऊदभाईंना खाकी कोट दिला होता. फाल्गुनात बदकं आपल्या मुलखाला गेली, की साहेबही येत नसत. मग उरत त्या टिटव्या, लांब लाल पायांचे शेकाटे, गाळात जपून पावलं टाकणारे बगळे, दिवस मावळताना पाण्यावर येणारा एक कोल्हा, आणि गोरक्ष.

गोरक्षचं घर तलावाचं पाणी अडवणाऱ्या धरणाच्या भिंतीखाली. तो रोज चौकीवर येई, दाऊदभाईंचा चहा पिई आणि त्याला नावं ठेवी. असा माणूस मिळायला नशीब लागतं. दाऊदभाईंना तिथं बोलायला दुसरं होतं कोण?

"दाऊदभाई," एकदा तो म्हणाला, "यंदा टिटवीनं खाली गाळात अंडी घातली, तर मी चाललो पोरंबाळं घेऊन साखर कारखान्यावर."

टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, सखल जागी घातली तर दुष्काळ, हे आमच्याकडे सगळेच मानत.

"तिथं चहा कोण देणार तुला?"

"कुनीबी देईल. हितल्यापेक्षा बराच आसंल."

हे दाऊदभाईंना लागलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर टिटवी अगदी पाण्याच्या कडेला छातीनं खळगा करतेय! अंडी घातल्यावर उचलून वर ठेवायची सोय नव्हती. तलावावरच्या अंड्यांना कुणी हात लावू नये, हेही त्यांच्याच कामात येत होतं. तेव्हा अंडी पडायच्या आत ते छत्री उघडून त्या खळग्यापाशी जाऊन बसले. टिटवीनं त्यांना पोटभर शिव्या दिल्या आणि जरा वर दुसरा खळगा केला. दाऊदभाई तिथं गेले. असं करत दोघं सगळा काठ चढली.

"रखवालदारच पाखरं हाकतोय की!" गावकरी म्हणाले.

"बंदोबस्त चालू आहे," दाऊदभाई म्हणाले.

शेवटी टिटवी वैतागली आणि तिनं थेट चौकीच्या माळवदावर, खड्यांत अंडी घातली.

दाऊदभाईंनी गोरक्षला शिडीवर चढवलं. "बघ. यंदा पाऊसच पाऊस!"

गोरक्ष खाली आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "इतक्या उंचावर? अवो, मग धरान फुटतंय की! माजं घर भिंतीखाली हाय!"

हा विचार दाऊदभाईंनी केला नव्हता. "एवढा नाही रे पडायचा."

"तिला तुमच्यापरीस जास्त कळतंय," म्हणून गोरक्ष तरातरा निघून गेला.

दुपारी त्याची बैलगाडी दिसली. बायको गोजरबाई, पोरं, शेळ्या, जातं, सगळा संसार भरलेला. निरोप घ्यायला आलेत असं समजून दाऊदभाईंनी कोटाची बटणं लावली आणि घसा साफ केला. गाडी चौकीपुढं थांबली. गोजरबाई जातं उतरवू लागल्या.

"हे काय?"

"पानी हितवर येत न्हाई, म्हनून तर ती हितं बसली," गोरक्ष म्हणाला. "पाऊसकाळ सरंस्तवर आमीबी हितंच. सरका जरा."

चौकी एका खोलीची. वर टिटवी अंड्यांवर, म्हणून दाऊदभाईंनी मोठ्यानं बोलायला सक्त मनाई केली. मग शेळ्या कुठं बांधायच्या यावरून दोघे दिवस मावळेपर्यंत कुजबुजत भांडले.